कचऱ्याच्या टेकडीवरचं गवत

मोहाडीकडून आमच्या गावाला येताना डाव्या हाताला एक टेकडी लागते. ती देवानं केलेली नाही. शहराच्या गाड्या वर्षानुवर्षं तिथं कचरा ओतत गेल्या आणि ती उभी राहिली. आता तिच्यावर गवत डोलतं, भोवती तारेचं कुंपण आहे आणि फाटकाशी डोमा बसतो. गावात डोमाचं नाव निघालं की बाया आधी थुंकतात, मग बोलतात.

कचरा यायचा बंद झाला तेव्हा यंत्रं आली. प्लास्टिक चाळून नेलं, वर माती पसरली, खसाचं, म्हणजे वाळ्याचं, गवत लावलं. साहेब म्हणाले, हे गवत जमिनीतलं जहर ओढून घेईल, आमची गाडी ते कापून नेईल, जनावराच्या तोंडी लागू देऊ नका. पुढं कधीतरी इथं पोरांसाठी मैदान होईल. एवढं बोलून साहेब गेले. राखण डोमानं मागून घेतली. त्याचा गोऱ्हा याच टेकडीवर कचरा चरून मेला होता. टेकडीशी त्याचं वैर होतं.

वैशाखात आमचा मुलूख वाळून काडी होतो. तलावाच्या पोटात भेगा पडतात, घरोघरचं तणस, धानाचा वाळला पेंढा, संपत येतं. त्या दिवसांत टेकडी एकटीच हिरवी होती. उर्वशी विळा घेऊन फाटकावर आली. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायांची टोळी तिच्याच शब्दावर चालते. तिची म्हैस गाभण होती.

"फाटक खोल, डोमाभाऊ. एक भारा नेतो."

"नाही खोलत."

"काहून? तुह्या बापानं लावलं का?"

"जहर हाय त्याच्यात."

"तुह्या गोऱ्ह्याच्या पोटातून प्लास्टिकच्या पन्न्या निघाल्या, साऱ्या गावानं पाह्यल्या. जहर कोनं पाह्यलं? तू पाह्यलं?"

"नाही पाह्यलं."

"मंग?"

"मंग नाही खोलत."

उर्वशीनं विळा तारेवर आपटला. "रोवण्याले येजो आमच्या दारी, चौकीदारसाहेब. तवा पाहू कोन खोलते अन् कोन नाही."

रोवणा आला. डोमाच्या दोनच बांध्या, धानाचे दोन लहान तुकडे. एवढ्यावरच त्याच्या घरचं वर्षाचं धान पिकतं. चिखल तयार होता, परे लावणीला आले होते, पण ती कोवळी रोपं चिखलात लावतात बायांचे हात, आणि डोमाच्या बांधीत एकही हात उतरेना. त्याची बायको रुखमा दारोदार फिरली. कोणाची कंबर दुखत होती, कोणी दुसऱ्याला शब्द दिला होता. उर्वशी मात्र सरळ बोलली, "फाटकाची चाबी आन. उद्या सकाळीच साऱ्या येतो."

रुखमा घरी आली ती रडतच. "अजी, एक डाव खोलून द्या ना. एका भाऱ्यानं काय होते?"

"आपला गोऱ्हा किती भारे खाऊन मेला?" डोमा म्हणाला.

रुखमानं पदर खोचला. दोघांनी मिळून एक बांधी कशीबशी लावली. दुसरीचे परे वाट पाहून जून झाले, कांड्यावर आले. आता ते लावून काही पिकणार नव्हतं.

आमच्याकडे रोवणा सरला की बाया मालकाला चिखलानं माखतात. तो मान असतो. माखलेला मालक हसत हसत साऱ्यांना जेवू घालतो. गावचा रोवणा सरला त्या दिवशी उर्वशीची टोळी गाणं म्हणत शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं आली. रिकाम्या बांधीपाशी डोमा उभा होता. उर्वशीनं ओंजळभर चिखल उचलला आणि त्याच्या छातीवर फेकला.

"घे! झाला तुहा रोवणा!"

"जेवाले काय करतं, मालक?" मागून एकीनं विचारलं. "टेकडीवरचं गवत?"

मग साऱ्यांनी फेकला. न लावलेल्या बांधीच्या मालकाला कोणी चिखल लावल्याचं आमच्या गावानं तोवर पाहिलं नव्हतं. डोमा जागचा हलला नाही. त्यानं तोंड पुसलं नाही. करदोट्याला बांधलेली चाबी तेवढी दुपट्ट्यानं पुसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सारे परे उपटले, मुळांचा चिखल धुतला, पेंढ्या बांधल्या. चौफेर धान लागलं की जनावराला तोंड टाकायला जागा उरत नाही. गोठ्यागोठ्यांत म्हशी हंबरत होत्या. डोक्यावर भारा घेऊन डोमा भर गावातून गेला. उर्वशीच्या गोठ्यापुढं त्यानं तो आदळला.

"हा घे चारा. माह्या बांधीतला हाय. याच्यात जहर नाही."

"मले भीक देऊन राहिला का बे?"

"तुले कोन देते? म्हशीले देऊन राहिलो."

म्हशीनं मान लांब करून पहिली पेंढी ओढली. उर्वशीनं ती हिसकली नाही. डोमाला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. तो वळला आणि टेकडीकडं चालू लागला.

"उद्याच्याले एवढाच आनजो," ती मागून ओरडली.

"तुहा गडी हाव का मी?" तोही ओरडला.