शेळीनं पत्र खाल्लं

लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मी नवऱ्यापेक्षा त्याच्या अक्षराबरोबर जास्त राहिले. तो भारतीय नौदलात, जहाजाच्या इंजिन रूममध्ये. मी अमिरातीत वाढलेली. उम्म अल कुवैनला आईबाबांच्या घरी राहायची आणि रोज अजमानच्या एका शाळेत केजीच्या मुलांना शिकवायला जायची. मुंबईत नौदलाचं क्वार्टर मिळेपर्यंत नोकरी सोडायची नाही, असं आमचं ठरलं होतं. क्वार्टरच्या यादीत आमचा नंबर इतका सावकाश सरकत होता की तेवढ्यात आमचा मुलगा जन्मला, रांगला, चालायला लागला आणि माझ्या चौदा वर्षांच्या बहिणीकडून इंग्रजीत 'नो' म्हणायला शिकला.

पत्रं मुंबईच्या पत्त्यावर टाकायची. तिथून नौदलवाले ती जहाज असेल तिथं पोचवत. जहाज कुठं आहे ते आम्हाला कधी कळायचं नाही. त्याची उत्तरं बाबांच्या गॅरेजच्या पोस्ट बॉक्सवर यायची. बाबा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात फोरमन होते. संध्याकाळी ते पाकीट घेऊन यायचे, त्यावर ग्रीसचा अंगठा उठलेला असायचा.

"काय म्हणतात जावई?" आई विचारायची.

"ठीक आहे म्हणतात."

"अगं, पण वाच तरी!"

"वाचलं की."

आणि खरंच तेवढंच असायचं. 'मी ठीक आहे. जेवण ठीक आहे. समुद्र ठीक आहे. बाळाला पापा.' तारेत शब्दाला पैसे पडायचे म्हणून माणसं असं लिहायची. याला कागद फुकट होता, तरी हात आखडता.

माझी पत्रं तरी कुठं मोठी होती म्हणा. लग्नानंतर मुंबईला पंधरा दिवस राहिले तेव्हा शेजारच्या एका ताईंनी मला बसवून सांगितलं होतं. त्यांच्या यजमानांची नौदलात वीस वर्षं झाली होती. "पत्रात दुखणंखुपणं लिहायचं नाही. त्याला येता येत नाही, काही करता येत नाही, नुसता जीव टांगणीला लागतो." मी ते गाठीला बांधलं. पण पोराची सर्दी, आईचे गुडघे, बाबांच्या कंपनीतली कटकट आणि माझं रडू एवढं सगळं वजा केल्यावर लिहायला उरायचं काय? 'इथे हवा गरम आहे.' ते त्यालाही माहीत होतं.

एका संध्याकाळी त्याचं नवं पत्र आलं. दोनच ओळी, आणि त्यातही एक मागच्याच पत्रातली. मला असा संताप आला की पत्र घेऊन मी गॅलरीत उभी राहिले. खाली कचऱ्याच्या डब्याशी कुणाची तरी शेळी पुठ्ठ्याचा खोका चवीनं खात होती. अमूलचा किंवा कसलासा. खोक्याचं झाकण संपवून ती तळाला लागली होती.

मी आत गेले आणि लिहिलं, 'तुमचं पत्र आलं, पण वाचायच्या आधी शेळीनं खाल्लं. त्यात काय लिहिलं होतं ते कृपया परत लिहावं.'

अठरा दिवसांनी उत्तर आलं. दीड पान! कुणाची शेळी? घरात कशी शिरली? अख्खं पत्र खाल्लं की अर्धं? शाई पोटात गेल्यावर तिला काही झालं नाही ना? आणि शेवटी, 'पत्रात विशेष काही नव्हतं, पण पुढच्या वेळी जपून ठेव.' तीन वर्षांत नवऱ्यानं मला पहिल्यांदाच प्रश्न विचारले होते, आणि तेही एका शेळीबद्दल.

मग मला कोण आवरणार? पुढच्या पत्रात शेळी परत आली. तिसऱ्या पत्रात ती गच्चीवर चढली आणि बाबांची टोपी खाऊन उतरली. चौथ्यात मालक सापडेना म्हणून आम्ही तिला ठेवूनच घेतली. पाचव्यात तिला दोन करडं झाली, एक काळं, एक पांढरं. आता उत्तरं तीन-तीन पानांची यायला लागली, आणि त्यांत नवऱ्याखेरीज इतरांचाही मजकूर असायचा. जहाजावरचा स्वयंपाकी माणदेशातला होता. त्यानं व्यायलेल्या शेळीला गूळ आणि बाजरी द्यायला सांगितलं होतं. आणखी कुणीतरी करडांसाठी नावं सुचवली होती.

बहीण माझी पत्रं चोरून वाचायची. ती म्हणाली, "ताई, यू आर सो डेड."

एका गुरुवारी दुपारी घरचा फोन वाजला. आवाज इतका जवळचा आला की मी आधी ओळखलाच नाही.

"आम्ही दुबईत आलोय," तो म्हणाला. "आजच जहाज लागलं. उद्या सकाळी घरी येतो."

मी फोन धरूनच बहिणीला मिठी मारली.

"आणि ऐक, बरोबर तिघं मित्र आहेत. त्यांना शेळी बघायचीय."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि आईबाबांना सगळं सांगून टाकलं. आई डोक्याला हात लावून बसली. बाबांनी शांतपणे चहा संपवला.

"विकली म्हणून सांग," आई म्हणाली.

"करडं अजून दुधावर आहेत असं मागच्याच पत्रात लिहिलंय. दूधपित्या करडांची आई कोण विकतं?"

"हे बघ," बाबा म्हणाले, "मी आयुष्यात खोटं बोललो नाही आणि जावयाशी तर बोलणारच नाही. शेळी मात्र आणून देतो."

गावाच्या कडेला एका म्हाताऱ्या अरबाचा शेळ्यांचा गोठा होता. त्याची पिकअप बाबांनी दोनदा दुरुस्त केली होती. शुक्रवारी सकाळी बाबा तिथं गेले. बहीणही मजा बघायला गेली होती, तिनं नंतर साभिनय सांगितलं. बाबा म्हणाले, "एक बकरी, एक दिन. शाम को रिटर्न, खलास." म्हाताऱ्यानं विचारलं, कापायला? बाबा जोरजोरानं नकाराची मान हलवत म्हणाले, "ला, ला! सिर्फ देखने का." म्हाताऱ्यानं बाबांकडे, मग बहिणीकडे, मग आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "यल्ला", म्हणजे चल, ने. विश्वास मात्र बसला नसावा, कारण त्यानं गोठ्यावरच्या पठाण गड्यालाही बरोबर पाठवून दिलं. शेळी पिकअपमध्ये मागे, पठाण तिच्याशेजारी.

दहा वाजता चौघं जण टॅक्सीतून उतरले. इस्त्रीचे शर्ट, चकचकीत बूट, हातात मिठाईचा डबा. मुलानं बापाला आपादमस्तक न्याहाळलं, 'नो' म्हटलं आणि तो माझ्या पायांमागे दडला. नवरा हसला, पण त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. दोन मिनिटांनी मुलगा बाहेर आला तो मिठाईच्या डब्यासाठी, आणि मग बापाच्या मांडीवर बसूनच त्यानं दोन पेढे संपवले.

"वहिनी, शेळी?" तिघांतल्या माणदेशी स्वयंपाक्याला धीर निघत नव्हता.

मागच्या अंगणात तिला खजुराच्या झाडाला बांधलं होतं. पठाण सावलीत बसून तिच्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. एकानं तिच्यापुढे कागद धरला. तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

"पत्रच खाते ती," मी म्हणाले. "कोरा कागद नाही."

"आणि करडं?"

"स्लीपिंग," बहिणीनं ठोकून दिलं.

स्वयंपाकी गुडघ्यावर बसला. त्यानं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, जरा वाकून खालून पाहिलं, आणि उठून गंभीरपणे हात झटकले.

"वहिनी, हिचं दूध कोण काढतं?"

"बाबा," मी म्हणाले.

"मग बाबांच्या पाया पडलं पाहिजे," तो म्हणाला. "बोकडाचं दूध काढणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही."

पठाणाला मराठी येत नव्हतं, पण सगळ्यात आधी तोच हसला. त्यानंतर दोघं मित्र भिंतीला टेकून हसले, बहीण खाली बसून हसली, आणि 'मी खोटं बोलणार नाही' म्हणणारे बाबा निमूटपणे आत निघून गेले. त्यांनी गोठ्याच्या दारात उभं होतं ते पहिलं जनावर उचललं होतं.

नवरा तेवढा हसला नाही. तो स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग गेले.

"सगळंच खोटं?"

"शेळीचं तेवढं."

"अगं, मी मेसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवायचो. तुझी पत्रं आली की माणसं ड्यूटीवरून धावत यायची."

"मग काय लिहू? हवा गरम आहे?"

हात धुवायला त्यानं नळ सोडला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या उकाड्यात याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून आहेत. मी सरळ त्याच्या उजव्या बाहीचं बटण काढलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुलाबी आणि नवी होती, लहान मुलाच्या गालासारखी.

"हे कधी?"

"दोन महिने झाले. वाफेची नळी फुटली. आता ठीक आहे."

"आणि त्या वेळी पत्रात काय लिहिलंत?"

उत्तर आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"दहा दिवस जहाजाच्या दवाखान्यात, सिक बेमध्ये होतो," मग तो म्हणाला. "हातात कागद धरता येत नव्हता. गच्चीवरच्या शेळीचं पत्र तेव्हा आलं. स्वयंपाक्यानं वाचून दाखवलं. मी हसलो तर बँडेज ताणलं जाऊन दुखत होतं, म्हणून तो थांबला, तर बाकीचे ओरडले, पुढे वाच."

आता माझी पाळी होती. मी सांगितलं की गच्चीवरच्या शेळीचं पत्र मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिलं होतं. पोराचा ताप डोक्यात गेला होता आणि त्याला आकडी आली होती. दोन रात्री सलाईन लावलं होतं. तो झटकन वळला आणि बाहेर मित्राच्या खांद्यावर बसलेल्या मुलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाबांची टोपी त्या दिवशी कुठं होती?"

"डोक्यावर."

तेव्हा कुठं तो हसला. आणि मग मी रडले, गाठीला बांधलेलं सगळं सोडून. आई दारात आली, आमच्याकडे पाहिलं आणि हातातली कोथिंबीर तशीच घेऊन परत गेली.

जेवायला पुरणपोळ्या होत्या. बोकडापुढे भाकरी, पठाणापुढे पुरणपोळी. त्यानं चार खाल्ल्या. स्वयंपाक्यानं आईकडून पुरणाचं प्रमाण लिहून घेतलं. संध्याकाळी बाबांनी आधी बोकड पोचवला, मग चौघांना बंदरावर सोडलं. वाटेत जावयाला एवढंच म्हणाले, "गोठ्यावर मी शेळी म्हणालो नव्हतो. बकरी म्हणालो होतो." या दोन्हींत फरक काय, ते नवऱ्याला पुढे कित्येक दिवस कळलं नाही.

जहाज आणखी दोन दिवस होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बंदराच्या फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून करार केला. पत्राची पहिली ओळ खरी लिहायची, कितीही वाईट असली तरी. त्यानंतर ज्याला जे सुचेल ते. त्या ताईंचा सल्ला चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. त्यांचे यजमान वेगळे असतील, एवढंच.

तीन आठवड्यांनी बाबांनी पाकीट आणलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोडलं. पहिली ओळ होती, 'मला समुद्र लागतो. नोकरीला सात वर्षं झाली, तरी पहिले तीन दिवस ओकाऱ्या होतात, हे कुणाला सांगू नकोस.'

"काय म्हणतात जावई?" आईनं विचारलं.

"खूप काही म्हणतात," मी म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं.