मागे घेतलेला पाय

माझा देवावर विश्वास होता असं मी म्हणणार नाही. आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला पाच पुरुष भंडाऱ्याच्या ताटाभोवती बसून तळी उचलत, त्यात बापू, म्हणजे माझे वडील, पहिले. मी मात्र नांदेडच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावणारा माणूस. सुट्टी मिळाली नाही असं सांगून बहुतेक वर्षं टाळायचो.

बापूंना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. लातूरला उपचार चालू होते. तो हाडांत उतरला आहे हे डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं आणि मी ते बापूंपासून लपवलं. "पाय जड पडले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी घेऊन या," असंही ते म्हणाले होते. मी कागदावर लिहून घेतलं, घडी करून पाकिटात ठेवलं आणि विसरलो.

कार्तिकात मुखेडजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा बापूंना कुशीवर वळवत नव्हतं. त्यांच्या मते ती उसण होती. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडे जातात, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्याकडे. तो पाठीवर पाय देऊन दाबतो. शेजारच्या गावात गयाबाई नावाची पायाळू बाई होती. मी दोन दिवस नको म्हणत राहिलो. पण का नको, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. शेवटी रिक्षा बोलावली.

गयाबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. मला धरून बापू सावकाश आत आले.

"माझ्या पोराला पुस्तकातलं समदं कळतंय," बापू त्यांना म्हणाले, "बापाची पाठ तेवढी कळत न्हाई."

"पोरं अशीच असत्यात मामा. निजा पालथे."

बापू पोत्यावर पालथे झाले. गयाबाईंनी भिंतीला हात टेकून पाय उचलला. मी मान फिरवली. काही क्षण गेले तरी बापूंचा आवाज आला नाही, म्हणून पाहिलं, तर गयाबाईंचा पाय तसाच वर होता आणि नजर फाटकाकडे. तिथे बापूंची एक चप्पल पडली होती.

"मामा, चप्पल फाटकातच राह्यली की तुमची."

"हाव? कवा निसटली?"

गयाबाईंनी पाय हळूच जमिनीवर ठेवला. वाकून बापूंच्या तळव्याला चिमटा काढला. बापूंना ते कळलंच नाही.

"ही उसण न्हाई," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "माझ्या पायाचं काम न्हाई हे. दवाखान्यात न्या. घरी जाऊ नगा, हितूनच न्या."

तेव्हा मला पाकिटातला कागद आठवला. मुखेडहून गाडी केली. वाटेत मी बापूंना सगळं सांगितलं. ते बाहेरची तूर बघत होते. मग म्हणाले, "मला ठावं होतं. तू कवा सांगतूस ते बघून राहिलो होतो."

लातूरला तपासणी झाली. पोखरलेला मणका मज्जारज्जूवर दाबत होता. डॉक्टरांनी विचारलं, "पाठीवर कुणी जोर तर दिला नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. आयुष्यात एवढा मोठा शब्द मी उच्चारलेला नाही.

त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू झाली, दुसऱ्या दिवसापासून रेडिएशनचा शेक. पाय परत येतील याची खात्री कुणी देत नव्हतं. मी बाकड्यावर बसून राहिलो. करण्यासारखं माझ्या हातात काही उरलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच मी खंडोबाचं नाव घेतलं. काय मागावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतंच घेतलं.

चंपाषष्ठीला बापू काठी टेकत ओसरीवर आले, खाली बसले आणि तळीच्या ताटाला हात लावला. त्यांच्या शेजारी मी होतो. चैत्रात ते घरीच वारले. गोळ्यांनी दुखणं आवरलेलं होतं. आदल्या संध्याकाळी स्वतःच्या पायांनी दारापर्यंत गेले होते.

दहाव्याला गयाबाई आल्या. मी पाया पडायला वाकलो, तर मागे सरल्या. "मी काय केलं बाबा? पाय मागं घेतला, एवढंच."

त्यांना तसं का सुचलं, याचा शोध मी आता घेत नाही. आपण सगळं सांभाळतो आहोत असं मला वाटत होतं, तेव्हाच मी बापूंना त्या पोत्यावर निजवलं होतं. सांभाळलं दुसऱ्याच कुणीतरी. येत्या चंपाषष्ठीला बापूंच्या जागी मला बसायचं आहे. मागणं काही नाही. ताट वर जाईल तेव्हा त्याला माझाही हात असावा.