जांभई

पारनेरच्या शाळेत मी सातवीत असताना गुरांच्या दवाखान्यातले एक डॉक्टर भर दुपारी वर्गात आले. नाव त्यांनी सांगितलं असेल, मला आठवत नाही.

दारात नेहमीची भुरी कुत्री पडली होती. तिची पिल्लं दरवर्षी रस्त्यावर एसटीखाली येत. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिच्याकडे न बघता त्यांनी लांबलचक जांभई दिली. "आपण भांडायला आलो न्हाई, हे तिला असं कळतं," ते म्हणाले. कुत्रीनेही जांभई दिली. मग पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत आम्ही सगळ्यांनी. उन्हात वर्ग जणू एकाच झोपेत तरंगत होता.

"हिचं ऑपरेशन करून परत इथंच सोडू. मग पिल्लं व्हायची न्हाईत."

"म्हंजी बैलावानी खच्ची?" मागून कोणीतरी विचारलं. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

"बैलाचं करतो ते आपल्या कामासाठी. हिचं करायचं ते हिच्यासाठी."

ते तिला पाटीत घालून सायकलवरून घेऊन गेले. काही दिवसांनी दवाखान्याच्या शिपायाने तिला आणून सोडलं. डॉक्टर पुन्हा कधी दिसले नाहीत.

आजही वाटेत कुत्रं गुरगुरलं की मी थांबते, दुसरीकडे बघते आणि जांभई देते. बहुतेक वेळा तेही देतं.