दोन मतांचं घर

दारात उभ्या असलेल्या माणसाला मी पार्सलवाला समजलो. बाहेर पाऊस, त्याच्या अंगावर डोकं झाकणारा रेनकोट, हातात जाडसर कागद. मी हात पुढे करून विचारलं, "सही कुठे करू?" त्यानं हसत टोपी मागे सारली, आणि समोर आमच्याच वसाहतीच्या पलीकडच्या टोकाला राहणारे निवृत्त शिक्षक! आमच्या लेकीची सायकल तीनदा दुरुस्त करून देणारे. घरात आम्ही त्यांना मास्तरच म्हणतो. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपल्या उमेदवारासाठी ते घरोघर फिरत होते.

माणूस ओशाळला की उदार होतो. मी तर जरा जास्तच. "तुम्हाला यायची काय गरज होती?" मी म्हणालो. "या घरातली दोन्ही मतं तुमचीच धरा."

"दोन्ही?" खिशातली वही काढून तिच्यावर पेन टेकवत त्यांनी विचारलं.

"दोन्ही. अगदी ग्रँड."

माझ्या मागे जिन्याच्या पायरीवर बसून बायको बूट घालत होती. ती डॉक्टर, तिची ड्यूटी होती. मास्तर तिच्याकडे बघून हसले, तीही हसली. त्यांनी वहीत दोन रेघा मारल्या आणि शेजारचं दार गाठलं.

"दिलंस?" बायकोनं विचारलं.

"काय?"

"काही नाही." आणि ती गाडीची किल्ली घेऊन निघून गेली.

लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर बायकोचं 'काही नाही' नवऱ्याला कळायला हवं. मी कंप्युटरच्या चिपांमधले डोळ्यांना न दिसणारे दोष शोधायला रोज आमच्या पोर्टलीश गावाहून लिक्सलिपच्या कारखान्यात जातो. माझी नजर तिथेच खर्च होत असावी.

इथे परदेशात राष्ट्राध्यक्ष निवडायला इथलं नागरिकत्व लागतं. त्यासाठी आम्ही तेरा वर्षं काढली. त्यातही घाई मला नव्हती, तिला होती. "इथल्या लोकांची दुखणी मी बघायची, आणि देशाचं मत विचारताना मी बाहेर उभी राहायचं, हे काही बरोबर नाही," असं ती दर निवडणुकीला म्हणायची. नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी साडीवरचा भरतकामाचा काठ दिसावा म्हणून तिनं थंडीत स्वेटर घातला नव्हता. त्यामुळे मतदानाच्या दिवशी ती ड्यूटीआधी सकाळीच शाळेत जाऊन मत देऊन आली, याचं मला नवल वाटलं नाही. मी ऑफिसहून येताना गेलो. कुणाला दिलंस, हे मी तिला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? मी तर सांगून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला मतमोजणीला नेलं. "तुम्ही लोक आकड्यांत पक्के," ते म्हणाले. एका क्रीडा संकुलात लांबलचक टेबलं मांडली होती. कर्मचारी पेट्या उघडून मतपत्रिका उलगडत होते आणि आम्ही उमेदवारांची माणसं कठड्याला पोट टेकवून, माना लांब करून, कुणाच्या नावासमोर 'एक' हा आकडा, म्हणजे पहिली पसंती पडली, त्याच्या कागदावर रेघा मारत होतो. कुठली पेटी कुठल्या शाळेतली हे माहीत असतं, त्यामुळे कुठला रस्ता कुणाबरोबर आहे याचा अंदाज येतो. मास्तर हे चाळीस वर्षं करताहेत. आजची पेटी बघून ते पुढची निवडणूक सांगतात, आणि म्हणे क्वचितच चुकतात.

त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा पेटीगणिक उतरत गेला. त्यांचा उमेदवार पडत होता, हे एक. पण खरा धक्का बाद मतांचा होता. एवढा ढीग त्यांनी कधी पाहिला नव्हता. कुणी सगळ्या नावांवर फुली मारलेली. कुणी घरभाड्याबद्दल अख्खं पत्र लिहिलेलं. कुणी नुसतंच गाढव काढलेलं, आणि चांगलं काढलेलं. नवा राष्ट्राध्यक्ष कोण हे दुपारपर्यंत स्पष्ट झालं, तर चहाच्या टेबलाशी एक बाई दुसरीला म्हणाली, "आता सात वर्षं हे सहन करायचं!" अजून शपथही झाली नव्हती.

मी फार संतापलो. नव्या नागरिकाचा संताप होता तो, नव्यानं मुंज झालेल्या मुलाच्या सोवळ्यासारखा. "फुकट मिळालं की किंमत नसते," मी मास्तरांना मोठ्यानं म्हणालो. "आम्ही तेरा वर्षं थांबलो. आमच्या घरात असं कुणी करणार नाही."

तेवढ्यात आमच्या वसाहतीजवळच्या शाळेची पेटी उघडली. थोड्या वेळानं टेबलावरची मुलगी एक मतपत्रिका घेऊन तिच्या साहेबाकडे गेली. साहेबानं ती उलटी धरली, सुलटी धरली, मग कठड्यावरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. माझ्या रंगाचा चेहरा एकच होता.

"ही तुमची लिपी आहे का?" त्यानं लांबूनच कागद उभा धरून विचारलं.

देवनागरी होती. सगळ्या नावांवरून तिरकी, दोन ओळींत. आणि अक्षर मी लगेच ओळखलं. माझी बायको आधी सगळी अक्षरं लिहून घेते आणि शेवटी डोक्यावरची रेघ एकदमच ओढते. ती शेवटच्या अक्षराच्या पुढे दोन बोटं जाते, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. हे अक्षर मी दर शनिवारी बघतो. स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या, म्हणजे कपाटाच्या दारावर वाणसामानाची यादी असते ना, तिच्यावर.

"यात एखादा आकडा आहे का?" साहेबानं विचारलं. "कुणी 'एक' असं शब्दात लिहिलं असेल, तर आम्हाला विचार करावा लागेल."

"आहे," मी म्हणालो. "दोन आहे. आणि एक आहे."

कठड्यावरचे सगळे पुढे झुकले. मास्तरांनी पेन्सिल सरसावली. "कुणाच्या नावासमोर?"

खोटं सांगायचा विचार आला. कोण पकडणार होतं? पण तेरा वर्षांनी मिळालेलं ते तिचं पहिलं मत होतं. ते तिच्यासाठी दुसऱ्यांदा मीच ठरवायचं, हे काही मला जमेना.

"कुणाच्याच नाही," मी म्हणालो. "असं लिहिलंय: 'आमच्या घरात दोन मतं आहेत. दारात येऊन विचारलं एकालाच.'"

साहेबानं मान हलवली आणि कागद बाद मतांच्या ढिगावर ठेवला. गाढवाच्या वरच.

मास्तरांनी पेन्सिल कानामागे खोचली. मग म्हणाले, "हे बघ, बाकीच्यांचा राग सरकारवर आहे. हा राग माझ्यावर आहे. पुढच्या कौन्सिलच्या निवडणुकीत ही पेटी आम्हाला बुडवणार, लिहून ठेव. कुठल्यातरी दारात कुणी येडा नवरा बायकोच्या वतीनं बोलला असणार, आणि मी वहीत रेघा मारून आलो असणार."

"असतात अशी माणसं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या पोरानं गृहपाठ घरी राहिला म्हटल्यावर मास्तर पाहतात तसं. "तुझी बायको बरी आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

घरी आलो तेव्हा ती कणीक मळत होती. लेक ओट्यापाशी बसून फोन बघत होती. मी म्हणालो, "तुझं मत बाद झालं."

"माझं मत?" तिनं हात थांबवला नाही. "ते तू दारातच देऊन टाकलं होतंस. मग पेटीत मी चिठ्ठी टाकली."

"बाबा, दॅट्स सो बॅड," लेक फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली.

मी सॉरी म्हणालो. ते कणकेपर्यंत पोचलं, पुढे पोचलं की नाही कळेना.

रविवारी दुपारी बेल वाजली. मास्तर होते. या खेपेला टोपी आधीच मागे, हातात कागद नाही. माझ्या खांद्यावरून आत बघत त्यांनी विचारलं, "डॉक्टर आहेत का घरी?"

दोघं पाऊण तास बोलत बसले. मी चहा केला, ठेवला, आणि न सांगता बाहेर गेलो. गवत कापायचं यंत्र काढलं, गवत ओलं होतं तरी. खिडकीतून मास्तर वहीत काहीतरी लिहिताना दिसत होते. रेघा नव्हेत, ओळीच्या ओळी.

ते गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"पुढच्या निवडणुकीत कुणाला मत देणार म्हणून विचारत होते. मी म्हटलं, विचार करून सांगते." कप उचलता उचलता ती म्हणाली, "तुझंही विचारत होते. म्हटलं, ते त्यालाच विचारा."