पंक्चर नव्हतेच

‘आमचा हा मित्र तेव्हा अगदी मुका. गाईमागून वासरू यावे तसा रोज सायकलवर आमच्या मागून यायचा, पण तोंडातून शब्द नाही. एके सकाळी रामटेकडीच्या चढावर बिचाऱ्याची सायकल पंक्चर झाली. आम्हां तिघांना दया आली. आम्ही थांबलो, हडपसरपर्यंत त्याच्याबरोबर पायी चाललो, त्याच्यासाठी लेटमार्क घेतला. माणूस मात्र गुणी. त्याच संध्याकाळी परतताना माझ्या चाकाने मान टाकली, तर याने पिशवीतून पंप काढून स्वतः हवा भरली आणि उपकाराची फेड केली. ते पंक्चर झाले नसते, तर हा पेठेतला घुम्या जन्मभर घुम्याच राहिला असता.’

हा मजकूर वारज्याच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्मरणिकेत छापून आला आहे. लिहिणारा माझा सर्वांत जुना मित्र. त्या तिघांपैकी आता तो एकटाच उरला आहे. त्याला खोडून काढणारा माझ्याखेरीज कोणी नाही आणि मला दुजोरा देणारा तर कोणीच नाही, हे तो पुरते जाणून आहे. प्रकाशनाच्या दिवशी त्याने हा उतारा स्वतः उभे राहून वाचला. लोक हसले, टाळ्या पडल्या. शेजारच्या खुर्चीवरील बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “नशीबवान हो तुम्ही!” मी “नाही” एवढेच म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. मित्राने चारचौघांत आपल्याला लहान करून स्वतः मोठे व्हावे, ही मैत्रीतली जुनी पट्टी आहे आणि ती मी आजवर भरत आलो आहे. परंतु हा उतारा फोनवरून फिरत फिरत माझ्या नातवापर्यंत पोहोचला. नातू हिंजवडीला नोकरी करतो. सकाळी कंपनीच्या बसमध्ये कानात बोंडे घालून बसतो, दुपारी कॅन्टीनमध्ये फोन समोर धरून एकटा जेवतो, संध्याकाळी त्याच बसने परत येतो. बोलायची इच्छा आहे, बोलता येत नाही. मी त्याला ओळखतो, कारण तो चेहरा मी आरशात पाहिलेला आहे. तो उतारा वाचून तो मला म्हणाला, “आजोबा, लकी होतात तुम्ही. तुमची सायकल पंक्चर झाली आणि लोक थांबले. आमची बस बंद पडली, तर सगळे फोन काढतात.”

म्हणजे माझ्या मित्राच्या लेखातून या मुलाने एवढाच बोध घेतला, की आपण चाक बसण्याची आणि दयाळू माणसे मागून येण्याची वाट पाहावी. त्यामुळे आता मला बोलणे भाग आहे.

मी लाजाळू होतो, हे मी नाकारत नाही. पानशेतच्या पुरानंतरची ती वर्षे. हडपसरच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होतो. इतरांनी काढलेली चित्रे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायची, हे काम. दिवसभर तोंड उघडावे लागत नसे, आणि म्हणूनच मी ते पत्करले होते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला “पुरे” म्हणण्याचे धैर्य नसल्यामुळे मी एकदा पोट बिघडेपर्यंत जेवलो आहे. चहात साखर कमी पडली, तर मी तो तसाच पीत असे. हे सारे खरे आहे. पण लाजाळू असणे आणि लाचार असणे यांत फरक आहे, आणि माझ्या मित्राने तो साफ पुसून टाकला आहे.

आता त्याच्या त्या ‘वासरा’विषयी. त्या काळी सकाळी सोलापूर रस्त्याने कारखान्यांकडे सायकलींची रांगच लागलेली असे. दोस्त असतील ते एकमेकांच्या शेजारून, एक हात हँडलवर आणि एक शेजाऱ्याच्या खांद्यावर, बोलत बोलत जात. हे तिघे तसे जात. माझा मित्र मधे. तो वारज्याच्या शेतकरी घरातला, तिथून सारे शहर ओलांडून येई. इतर दोघे त्याला स्वारगेटला मिळत. मित्राला गोष्टी सांगण्याचे व्यसन होते. मी त्यांच्या मागून जात असे, ते त्या गोष्टींसाठी. संध्याकाळी पश्चिमेचा वारा तोंडावर येतो आणि तिघांच्या पाठीमागे तो लागत नाही, हा वरचा फायदा. जो इतक्या मन लावून ऐकतो, त्याला वासरू म्हणत नाहीत, श्रोता म्हणतात. माझ्या मित्राला जन्मात त्याहून चांगला श्रोता मिळालेला नाही.

मात्र एक गोष्ट त्याने लेखातून सोयीस्करपणे गाळली आहे. मी जवळ आलो, की ते तिघे गप्प होऊ लागले. साहेबाने आपल्यावर सोडलेला हा हेर आहे, असा त्यांनी माझ्याविषयी ग्रह करून घेतला होता. ज्यांना माझी दया आली असे आज छापले जाते, ते तेव्हा मला पाहून गोष्ट अर्ध्यावर तोडत होते. एका सासऱ्याने लग्नाच्या मांडवात आणून बांधलेल्या म्हशीची गोष्ट अशीच तुटली आणि पुढचे मला कळेना. त्या म्हशीने माझी झोप घालवली, हे मी शपथेवर सांगेन.

तेव्हा मी ठरवले, की बोलायला शिकायचे. कोणी शिकवणार नव्हते. मी सराव केला, आणि सरावासाठी पुण्यातला दुकानदार निवडला. पोहायला शिकणाऱ्याने एकदम खोल पाण्यात उतरावे, तसा हा प्रकार होता.

घराजवळ घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसत. मी मनगटावरचे घड्याळ काढून खिशात घातले, त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि विचारले, “किती वाजले?”

डोळ्याचे भिंग न काढता ते म्हणाले, “भिंतीवर एवढी लटकवली आहेत. त्यातलं आवडेल ते वाचा.”

माझे कान तापले. घरी येऊन मी पांघरूण डोक्यावर ओढले. पण दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तिथेच उभा राहिलो.

“आज काय, वार विचारायला आलात?”

“नाही. भिंतीवरची सगळी वेगवेगळी वेळ दाखवतात. म्हणून तुमच्या मनगटावरची विचारतो.”

त्यांनी भिंग काढले. माझ्याकडे प्रथमच पाहिले. मग मुकाट्याने वेळ सांगितली. त्या क्षणी मला जे वाटले, ते पुढे पदोन्नती मिळाली तेव्हाही वाटले नाही.

किराण्याच्या दुकानात मी विचारले, “तूरडाळ चांगली आहे का?” मालक म्हणाला, “नाही, खास तुमच्यासाठी वाईट ठेवली आहे.” मी म्हणालो, “मग पावशेरच द्या. ओळख वाढली की जास्त नेईन.” त्याच्या मागे डाळ मापणारा नोकर फिस्कन हसला आणि मालकाने त्याच्यावर डोळे वटारले. अशा रीतीने, कोणाच्याही दयेवाचून, मी माझी जीभ सोडवत होतो. काही संध्याकाळी हरून परतलो. एका वाण्याने तर “बोलायचं असेल तर घरी बायको आणा” असे सुनावले, आणि त्यावर मला आजतागायत उत्तर सुचलेले नाही. पण जाणे थांबवले नाही.

तरीही सायकलवरच्या त्या तिघांत शिरणे अवघड होते. खांद्यावर हात टाकून चाललेल्या तिघांत चौथ्याला जागाच नसते. शेजारी जावे, तर ते बोलणे थांबवणार. त्यांना जमिनीवर उतरवल्याशिवाय काही होणार नव्हते. म्हणून एके सकाळी, आयुष्यात प्रथमच, मी त्यांच्या मागे नव्हतो. पुढे होतो. पुलगेटचे सायकल दुकान मागे पडले आहे, हडपसरचे अजून दूर आहे, अशी रामटेकडीच्या चढावरची जागा मी आधीच हेरून ठेवली होती. तिथे वडाखाली उतरलो आणि पुढच्या चाकाची हवा माझ्या या हातांनी सोडून दिली. चाक बसेपर्यंत शांतपणे पाहत राहिलो.

ते तिघे आले. मला पाहताच गप्प झाले. आणि पुढे निघून गेले. ‘आम्ही थांबलो’ असे जो लिहितो, त्याने हे वाक्य पुन्हा वाचावे: पुढे निघून गेले. मी मागून ओरडलो, “अहो, थांबा! पंप आहे का तुमच्याकडे?”

हे वाक्य मी आठवडाभर घोकलेले होते. तिन्ही ब्रेक एकदम लागले.

“आयला, बोलतंय की हे!” माझा मित्र म्हणाला.

“म्हणजे साहेबाच्या कानाला तोंडबी हाय,” दुसरा म्हणाला.

“कसले कान?” मी विचारले.

“अरे, रोज आमच्या मागं सायकल लावून ऐकतोस, अन् वर जाऊन सांगत नाहीस व्हय?”

यापुढचे काही घोकलेले नव्हते. पण मी घड्याळवाल्यापुढे उभा राहिलेला माणूस होतो. “काय सांगणार साहेबाला?” मी म्हणालो. “तुमच्या गोष्टीतल्या सासऱ्याची म्हैस? ती गोष्ट तरी पुरी कुठे केलीत! मांडवात बांधली आणि मला पाहताच तोडलीत. पुढे काय झालं, ते आधी सांगा. मग हवं तर साहेबाला सांगतो.”

मग तिसरा, जो फारसा कधी बोलत नसे, पोट धरून हसू लागला. माझ्या मित्राने सायकल वळवली. आपल्या म्हशीची कोणीतरी इतकी आठवण ठेवली, हे त्याच्याने सोसवेना. पंप तिघांपैकी एकाकडेही नव्हता. “चल चालत,” तो म्हणाला. “म्हशीचं लांबडं हाय.” आणि आम्ही चौघे सायकली हातात धरून हडपसरपर्यंत चाललो. म्हशीने नवऱ्या मुलाचा फेटा खाल्ला होता. लेटमार्क पडला, तो या फेट्यापायी पडला, माझ्यावरील उपकारापायी नव्हे. हडपसरच्या दुकानात हवा भरली आणि ती टिकली. दुकानदार म्हणाला, “पंक्चर नाही हो. हवा सोडलीय कोणीतरी.” सगळे पुन्हा हसले.

आमची मैत्री तिथपासूनची. पुढची सारी वर्षे मी त्या रांगेत कडेला होतो आणि माझ्या खांद्यावर हात होता. दोघांना मी खांदा दिला आहे. उरलेल्या या एकाशी अजून दर रविवारी भांडतो.

गेल्या रविवारी, नातू शेजारी बसलेला असताना, मी हे सारे मित्राच्या तोंडावर सांगितले. वारज्यात, जिथे त्याच्या घरचा ऊस उभा असे तिथे आता बारा मजली इमारत आहे, तिच्या बागेतल्या बाकावर.

“तू हवा सोडलीस?” तो म्हणाला. “तू? पंगतीत पुरे म्हणता येत नव्हतं तुला. कुठल्यातरी पोरानं सोडली असणार. म्हातारपणी पराक्रम रचायला लागलास, गड्या.”

“मी सोडली.”

“आरं, पण बिघडलं कुठं? आम्ही थांबलो म्हणून जमलं. तुला वाईट का वाटतंय?”

“तुम्ही थांबला नाहीत. मी थांबवलं.”

नातू एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होता. त्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, हे मला दिसत होते. त्याहून अधिक त्याला त्याची गरज होती. शेवटी तो हळूच म्हणाला, “आजोबा, प्रूफ काय पण?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी इथे सर्वांसमक्ष देतो. मला साक्षीदार नको, शपथ नको. माझ्या मित्राची स्मरणिका पुरेशी आहे. त्याने स्वतः लिहून, स्वतः वाचून दाखवले आहे, की त्याच संध्याकाळी मी पिशवीतून पंप काढला. फाटक सकाळी आमच्या मागे बंद झाले, ते संध्याकाळपर्यंत उघडले नाही. हडपसरच्या दुकानात मी हवेपलीकडे काही घेतले नाही, हे त्या तिघांनी पाहिले होते; आत पंप विकत मिळत नव्हता आणि माझ्यापाशी कोणी आणून देणारेही नव्हते. एरवी तो सायकलच्या दांडीला दोन चिमट्यांत अडकवलेला असे. त्या दिवशी घरून निघतानाच मी तो काढून डब्याखाली, कोणाला दिसणार नाही असा ठेवला होता.

वडाखाली उभा राहून मी त्या तिघांना “पंप आहे का?” असे विचारले, तेव्हा पंप माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता.