आमच्या डोक्यावरचे शेरीफ

सोन्याच्या खाणींच्या काळात कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा परगण्याचा शेरीफ नक्की कोण निवडून आला, या काळजीने झोप उडालेला माणूस अख्ख्या दिल्लीत एकच होता, आणि तो आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बरोबर आमच्या डोक्यावर राहत होता. आम्ही त्यांना वरचे काका म्हणत असू. दर्यागंजच्या फुटपाथवर त्यांना पुठ्ठा उडालेलं एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं, त्यातली ही भानगड. शेरीफ म्हणजे तिथला फौजदारच, फक्त लोकांनी मतं देऊन नेमलेला. एका वस्तीच्या मतपत्रिकांवर जादा खुणा निघाल्या. त्या मोजल्या तर एक जिंकत होता, नाही मोजल्या तर दुसरा. शेवटी दोघेही शेरीफ म्हणून मिरवू लागले, एकाकडे कचेरी आणि दुसऱ्याकडे तुरुंगाच्या किल्ल्या. चोराने शरण कुणाला जायचं, हा काकांचा आवडता प्रश्न. बसस्टॉपवर तो मला समजावून सांगताना आमच्या डोळ्यांदेखत तीन बस निघून गेल्या. सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींनाही दोन अध्यायांच्या मध्ये गाठलं होतं. निकाल मात्र ठरलेला असे. "जादा खूण, मत बाद. रूल म्हणजे रूल," असं म्हणून ते हवेत लाल शाईची रेघ ओढत.

काकूंचा कारभार वेगळा. त्यांचा एकच नियम, नव्या वस्तूला आधी कुंकवाचं बोट. स्कूटर झाली, फ्रिज झाला, रेशनकार्ड झालं. एकदा घरी आणलेल्या ऑफिसच्या कोऱ्या फायलीलाही त्यांनी बोट लावलं आणि साहेबांनी निमूटपणे त्या ठिपक्याखाली सही केली. काका चिडले, पण फाईल महिन्याऐवजी दोन दिवसांत सुटली म्हणून गप्प बसले.

मग कॉलनीत सुरक्षा सचिवाची निवडणूक निघाली. हाताखाली दोन चौकीदार, ताब्यात फाटकाच्या किल्ल्या. काकांनी त्याच दिवशी पितळी शिट्टी आणली. मी हसले तर म्हणाले, "हसू नकोस. नोकरीत मला सगळं सीनिऑरिटीने मिळालं. निवडून असं कुणी कधी दिलं नाही गं." निवडणुकीचे नियमही त्यांनीच टाईप केले, सात पानं. समोर उभे होते पलीकडच्या ब्लॉकमधले चौधरीसाहेब, ज्यांनी ती सात पानं न वाचताच सही केली.

मतमोजणीला मी होते. दोघांची मतं बरोबरीत आली आणि एकच कागद उरला. काकांच्या नावासमोर स्वच्छ शिक्का, आणि वरच्या कोपऱ्यात, चौधरीसाहेबांच्या चौकटीत, कुंकवाचं बोट. मत कुणाचं हे विचारायची गरजच नव्हती.

चौधरीसाहेब हसत म्हणाले, "अरे भाईसाहब, भाभीजी का वोट है. गिन लो यार, आप जीत गए."

काकांनी तो कागद हातात घेतला आणि लाल पेन काढलं. "दो निशान हैं. वोट बाद."

त्यांच्याच नियमाप्रमाणे चिठ्ठी काढली, आणि तीत चौधरीसाहेब निघाले. काकांनी त्यांना शिट्टी देऊन टाकली. जिन्यात काकू उभ्या होत्या. कुणीतरी आधीच सांगितलं असणार. त्या मला हळूच म्हणाल्या, "अगं, पहिल्यांदा ह्यांचं नाव छापून आलं होतं. कोरं कसं ठेवायचं? कपाळावरचंच बोट लावलं." काका एका पायरीवर थांबले आणि वर गेले. त्यानंतर शेरीफचा खटला त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही. मला तर चुकल्याचुकल्यासारखं होई.

परवा मी नोएडाला काकांच्या मुलाकडे गेले होते, काका हल्ली तिथेच असतात. काकूंना जाऊन वर्ष झालं. काकांनी स्वतः चहा केला, साखर विसरले आणि ते पुस्तक काढलं. आत ती मतपत्रिका होती. कुंकू फिकं झालं होतं, पण जागेवर होतं. लाल अक्षरातल्या 'बाद'वर काट मारून खाली 'ग्राह्य' लिहिलं होतं, रीतसर सही करून.

"कॅलिफोर्नियाचा निकाल मी चुकीचा देत होतो," ते म्हणाले. "खूण कशाची आहे ते विचारायला हवं होतं."

मी म्हणाले, "म्हणजे काका, तुम्ही निवडून आला होतात."

"एका मताने," काका म्हणाले, आणि त्यांनी कागद जपून पुस्तकात ठेवला.