बाकाखालच्या मुठी

दुर्बीणबाई कुणावर सहज विश्वास ठेवतील तर शपथ. विज्ञान शिकवण्यात त्यांचा उभा जन्म गेला, पण पोरांनी त्यांना नाव दिलं ते पहाऱ्यावरून. फळ्याकडे तोंड असलं तरी मागच्या बाकावरची चिठ्ठी त्यांना दिसायची म्हणे. नवरा सांगायचा, "लग्नाआधी हिने माझा जन्मदाखला उलटून मागून पण बघितला. मागे काय असतं, देव जाणे." मुलगा विज्ञानात पहिला आला आणि नाचत घरी आला, तर आईचा पहिला प्रश्न, "शेजारी कोण बसलं होतं?" त्यानंतरही पोरगा निकाल दाखवत राहिला, नाचला मात्र नाही.

निवृत्तीनंतर बाईंना अगदी मनाजोगतं काम मिळालं. पंधरा वर्षांच्या मुलांची विज्ञानाची एक चाचणी कितीतरी देशांत एकाच वेळी होते. तिच्या पर्यवेक्षक म्हणून त्या शाळाशाळांत जाऊ लागल्या. सीलबंद पेटी न्यायची, पुस्तिका वाटायच्या, गोळा करायच्या, पुन्हा सील. प्रश्न मात्र वाचायचे नाहीत, कारण त्यातले काही पुढच्या फेरीतही वापरतात. बाई तो नियम इतका पाळायच्या की पुस्तिका पालथ्या धरूनच वाटायच्या.

मुलग्यांची नस त्यांना ठाऊक होती. या चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकात धरत नाहीत म्हटल्यावर निम्मी पोरं अर्ध्या वेळात हात झटकून मोकळी व्हायची. कुणी समासात मोटारी काढायचं, कुणी बाकावर डोकं टेकून ताणून द्यायचं. मागच्या फेरीत मुलगे मुलींच्या फार मागे पडले तेव्हा वर्तमानपत्रांना धक्का बसला, बाईंना नाही.

या शाळेत मात्र पोरं पुस्तिका हातात पडल्यापासून खाली माना घालून लिहीत सुटली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

मुख्याध्यापक स्वतः चहा घेऊन आले. "यंदा आमच्या मुलांची तयारी जोरात आहे बरं का."

बाईंनी कप बाजूला सरकवला. प्रश्न कुणालाच माहीत नसतात, मग तयारी कसली? तेवढ्यात दारात विज्ञानाचे तरुण सर घुटमळताना दिसले.

"तुम्हाला इथे थांबता येणार नाही."

"माहितीये बाई. मी फक्त..."

"फक्त काय?"

सर निघून गेले. बाईंनी कमरेला पदर खोचला.

आणि दिसलंच. तिसऱ्या रांगेतल्या एका उंच पोराने पेन ठेवलं, दोन्ही हात बाकाखाली नेले आणि मुठी वळल्या. एक मूठ स्थिर, दुसरी तिच्याभोवती हळूहळू फिरतेय. पलीकडच्या रांगेत पाहिलं, तिथेही तेच. मागे तर एक जण बोटांत बोटं अडकवून फिरवत होता. म्हणजे अख्खा वर्ग सामील! बाई तरातरा त्या उंच पोरापाशी गेल्या.

"ऊठ. मूठ उघड."

"रिकामी आहे, बाई."

रिकामीच होती. बाईंनी बाह्या वर करायला लावल्या, खिसे उलटे करवले. रुमाल आणि घराची किल्ली, बास.

"मग खुणा कुणाला चालल्या होत्या?"

"खुणा नाही बाई. विचार करत होतो."

"विचार डोक्याने करतात. सगळ्यांनी हात बाकावर ठेवा! कुणाचा खाली गेला तर पुस्तिका काढून घेईन."

सगळे हात वर आले. वर्ग चिडीचूप झाला. हळूहळू पेनं मंदावली, मग थांबली. एकाने जांभई दिली, एकाने डोकं टेकलं. बाईंना हायसं वाटलं. आता कुठे हा वर्ग त्यांच्या ओळखीचा दिसायला लागला होता.

पेटी सील झाल्यावर त्यांनी सरांना व्हरांड्यात गाठलं. "तुमच्या मुलांच्या मुठीच्या खुणा मी पकडल्यात. कुणी शिकवल्या?"

"मुठी? सगळेच करत होते?" गृहस्थ चक्क खूश झाला. "मीच शिकवल्या. आमची प्रयोगशाळा मोडून तिथे कार्यालय केलं. साहित्य नाही, मग हातांवर आलो. ही मूठ पृथ्वी, ही चंद्र. बोटं म्हणजे दातेरी चाकं. मुख्याध्यापक म्हणतात, पोरखेळ आहे, म्हणून पोरं ते बाकाखाली करतात. या चाचणीचा शाळेला अहवाल येतो ना, त्यात पोरं वर आली तर चालू ठेवा, नाहीतर पाठांतराला लागा."

गोष्ट छान होती. छान गोष्टी बाईंनी आयुष्यभर ऐकल्या होत्या. त्यांनी त्या उंच पोराला बोलावलं.

"चाचणीतलं सांगू नकोस. मला सांग, चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते?"

पोराचे हात मांड्यांना चिकटलेले. "बाई, हात हलवले तर चालतील?"

"हलव."

त्याने मुठी वळल्या. चंद्राची मूठ पृथ्वीभोवती नेताना अंगठा सतत आत, पृथ्वीकडेच राहील अशी वळवत नेली. "तो स्वतःभोवती फिरतोच, बाई. पण पृथ्वीभोवती एक फेरी होईपर्यंत एकदाच."

बाईंनी विचारलं, "तुझा पेपर पुरा झाला?"

"नाही. हात वर घेतल्यावर मला काही दिसेना."

"आणि बाकीच्यांचा?"

पोराने सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम त्यांना तोंडपाठ होता. चाचणीत व्यत्यय आला तर नव्या पुस्तिकांवर ती पुन्हा घेतात, आणि व्यत्यय पर्यवेक्षकाने आणला असेल तर त्याला घरी बसवतात. बाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. सर मुठी वळायचे थांबले असते, पोरं पाठांतराला लागली असती, एवढंच.

त्यांनी तिथूनच मुख्य कार्यालयात फोन लावला.

"व्यत्यय?" साहेब म्हणाले. "कुणी आणला? पकडलंत का?"

"मीच आणला. उगाच संशय घेतला, पोरांना धमकावलं. त्यांना पुन्हा बसवा, आणि माझ्या जागी दुसरं कुणी पाठवा."

साहेबांचा आवाज बदलला.

"चाचणी पुन्हा घेऊ. पण बाई, खरं सांगा, शाळेने काय दिलं तुम्हाला?"

"काही नाही," बाई म्हणाल्या, आणि खरं बोलणं किती खोटं ऐकू येतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.